ढग आले तर

“डोंगर पाठीशी धरायचा,” असं म्हणून नाना समोरच्या माणसाला दोन्ही खांद्यांना धरून फिरवायचे. चामर लेणीचा डोंगर त्याच्या पाठीमागे आला, की हात सोडायचे. “आता तुमी गावात शिरलात. उजव्या हाताला किल्ला, मातीचा. डाव्या हाताला खजूर.”

उजव्या हाताला आमच्या सोसायटीची मीटरची खोली होती आणि डाव्या हाताला स्कूटर स्टँड. तरी फिरवलेला माणूस मुकाट्यानं तिकडं बघायचा. दूधवाला फिरवला गेला आहे, गॅसवाला टाकीसकट फिरवला गेला आहे, मतं मागायला आलेला उमेदवार फिरवला गेला आहे. मी तर अनेकदा. मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. सातपूरला एका कारखान्यात अकाउंट्स बघते, आणि मीटिंगच्या दिवशी नेमकी उशिरा पोचले म्हणून सेक्रेटरी झाले.

तुमच्याही सोसायटीत असा एखादा असेल, ज्याला भेटलं की घरी पोचायला उशीर होतो. आमच्याकडे नाना होते.

नाना मूळचे दिंडोरीकडचे, द्राक्षवाले. पण उमेदीची सगळी वर्षं त्यांनी ओमानमधल्या एका लहानशा शेतकरी गावात काढली, एका म्हाताऱ्या अरबाच्या खजुराच्या बागेत पाणी धरण्यात. परत आले ते गावी गेलेच नाहीत. दिंडोरी रोडवर आमच्या इमारतीत तळमजल्याला फ्लॅट घेऊन राहिले. बायको आधीच वारलेली, मुलगी पुण्याला दिलेली. ते “आमच्या गावाला” म्हणाले, की नवीन माणसाला दिंडोरीच वाटायची. जुन्यांना माहीत होतं, आता आपल्याला वाळवंटात न्यायचं चाललं आहे.

त्या गावाचं नाव त्यांनी आम्हाला खूपदा सांगितलं. त्यात एक अक्षर घशाच्या अगदी तळातून येतं. ते आम्हाला कोणाला जमलं नाही. बी विंगमधल्या पार्लरवाल्या बाईंनी प्रयत्न केला तेव्हा त्यांना ठसका लागला. मग सगळे ‘नानांचं गाव’ म्हणायला लागले.

भूगोल असा होता. मागं काळा उघडा डोंगर, त्यावर औषधाला झाड नाही. डोंगराच्या पोटातलं पाणी जुन्या लोकांनी जमिनीखालून कालवा खणून गावात आणलेलं. कालवा जिथं उघड्यावर येतो तिथं फक्त प्यायचं पाणी भरायचं. तिथं पाय धुतलेला कोणी सापडला तर त्याच्या सात पिढ्या निघायच्या. तिथून पाणी मशिदीत, मग अंघोळीच्या खोल्यांत, मग बागांत. वर खजूर, खजुराच्या सावलीत लिंबू, लिंबाच्या सावलीत लसूणघास. “तीन मजली शेती,” नाना म्हणायचे. “तुमच्या बिल्डिंगीसारखी. पण भांडण कमी.”

इतिहास त्याहून थोडक्यात. “आधी पाणी आलं. मग माणसं आली. मग भांडण आलं.”

“मग?”

“मग मी गेलो.”

खोदून विचारलं तर बाकीचं निघायचं. गावात वरची आळी आणि खालची आळी अशी दोन घराणी. पाण्यावरून एवढी पेटली, की मधे भिंत घातली आणि दोन वेशी केल्या. किल्ल्याच्या बुरुजावरून वरची आळी खालच्या आळीवर नजर ठेवायची, म्हणून खालच्यांनी आपला वेगळा बुरूज बांधला. पुढं तेल निघालं, तरणी पोरं शहरात पोलिसात नि ऑफिसात लागली. हमरस्त्याला सिमेंटची घरं झाली, मातीच्या आळ्या ओस पडल्या. लिंबांवर रोग पडला, लिंबं गेली. राहिले खजूर, म्हातारे आणि नाना.

ए विंगमधल्या रिटायर्ड इंजिनिअरसाहेबांनी एकदा मोबाईलवर नकाशा उघडून ते गाव शोधून दाखवलं. एकाच नावाची बरीच निघाली. नानांनी एकेक नाकारलं. शेवटी साहेब एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, “नाना, हेच. किल्ला दिसतोय, झाडी दिसतेय.”

नानांनी चष्मा वर करून पाहिलं. “हे वरनं काढलंय,” ते म्हणाले. “वरनं कोन जातं का गावात?” आणि त्यांनी साहेबांना खांद्यांना धरून फिरवलं.

खारीक हा त्यांचा नाजूक विषय. तिकडं खजुराची एक जात पिकायच्या आधी उतरवून मोठ्या हंड्यांत उकडायचे, वाळवायचे, आणि ती जहाजातून आपल्याकडे यायची. म्हणून सोसायटीत कोणाची ओटी भरली जात असली की नाना दारातून डोकावायचे, ताटातली खारीक उचलून बघायचे आणि “आमच्या गावची” असं सांगून परत ठेवायचे. पंचवटीतल्या वाण्यानं एकदा सांगितलं, “नाना, ही कच्छची.” नाना त्या दुकानात परत गेले नाहीत. मीही माझ्या पुतणीच्या ओटीला खारीक दुसरीकडून आणली, उगाच कशाला.

आता खरी गोष्ट. ह्या माणसाला ओमानमधल्या गावातला दगड न् दगड पाठ होता, आणि बसनं तासाभरावर असलेल्या स्वतःच्या गावाबद्दल तो एक अक्षर बोलत नसे. त्यांच्या गावची एसटी आमच्या गेटसमोर थांबते. नाना रोज सकाळी आंघोळ करून, टोपी घालून गेटवर उभे राहायचे आणि ती एसटी जाऊ द्यायचे.

कारण त्यांच्या मुलीनं मला फोनवर सांगितलं. गावी नानांचे थोरले भाऊ, त्यांना सगळे आबा म्हणतात. विहीर दोघांत एक. पाण्याची बारी एक दिवस ह्याची, एक दिवस त्याची. एकदा नानांच्या बारीला लाईट गेली आणि दिवसभर आली नाही. नाना म्हणाले, लाईट नव्हती, म्हणजे माझी बारी उद्यावर गेली. आबा म्हणाले, बारी दिवसाची असते, लाईटची नसते. दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे ते मिटलं नाही. दुसऱ्या दिवशी आबांनी मोटर लावली, नानांनी फ्यूज काढून विहिरीत टाकला. त्या उन्हाळ्यात दोघांचेही वेल करपले. पुढच्या द्राक्षाच्या हंगामाला नाना इथं नव्हते.

“ताई, बाबांना तुम्ही सांगा ना,” मुलगी म्हणाली. “आबा आता थकलेत. बाबा कसे आहेत, असं मला विचारतात, पण बोलावत नाहीत. आणि बाबा बोलावल्याशिवाय जात नाहीत. एक जण कायमचा गेला म्हणजे मग दुसरा काय करणार आहे?”

मी कोणाच्या घरच्या भानगडीत पडत नाही. सेक्रेटरीला तेवढी तरी अक्कल लागते. पण त्या दिवसापासून ती एसटी गेली की माझाच जीव खालीवर व्हायला लागला.

त्यातच आमच्याकडे पाण्याचं भांडण उभं राहिलं. गच्चीवर टाकी एक आणि विंग दोन. व्हॉल्व्हची चावी आधी ए विंगला फिरवली की बी विंगला नळातून हवा येते, आणि उलट. वॉचमन ज्याचा चहा प्यायचा त्याच्याकडे चावी फिरवायचा. मीटिंगमध्ये इंजिनिअरसाहेब आणि पार्लरवाल्या बाई एकमेकांवर असे काही घसरले, की मी मिनिट्समध्ये फक्त ‘चर्चा झाली’ एवढंच लिहिलं.

नाना उभे राहिले. “चावी माझ्याकडं द्या,” ते म्हणाले. “आमच्या गावाला हे काम पार जुन्या काळीच मिटलंय.”

दुसऱ्या दिवशी गच्चीवर पाहते तर बांधकामातली उरलेली सळई टाकीशेजारी उभी केलेली आणि तिच्यापुढं विटा मांडलेल्या. तिकडं असंच असतं म्हणे. मोकळ्या जागेत एक काठी, तिची सावली ह्या दगडापासून त्या दगडापर्यंत सरकेस्तोवर एकाचं पाणी, मग पुढच्याचं. इथं पहिल्या विटेपासून दुसरीपर्यंत ए विंग, दुसरीपासून तिसरीपर्यंत बी विंग.

“नाना, घड्याळ आहे की,” इंजिनिअरसाहेब म्हणाले.

“हाय ना. पण ते तुमच्या हातात हाय.”

पार्लरवाल्या बाईंना हे उत्तर फार आवडलं आणि ठराव पास झाला. होळीपासून पुढं सगळा उन्हाळा आमची सोसायटी सळईवर चालली. लोक सावली बघायला गच्चीवर यायचे, विटेवर बोट ठेवून वाद घालायचे, पण सावली कोणाच्या विंगमध्ये राहत नव्हती, त्यामुळे वाद पुढं जायचा नाही. नानांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग आषाढ लागला. ओमानमध्ये आयुष्य काढलेला माणूस एक गोष्ट विसरला होता, की नाशिकला पावसाळा असतो. सकाळी गच्चीवर सळई होती, विटा होत्या, सावली नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती. आठवडाभर नव्हती. नाना चावीला हात लावून आभाळाकडे बघत उभे. खाली दोन्ही विंगांतून बादल्यांचे आवाज यायला लागले आणि पाठोपाठ साहेब आणि बाई जिना चढून वर आले.

मी नानांना बाजूला घेतलं. “नाना, तिकडं ढग आले तर काय करतात?”

“हेच मी पयल्या आठवड्यात इचारलं व्हतं,” ते म्हणाले. “आमच्या म्हाताऱ्याला. ती जुनी माणसं हिंदी बोलत्यात. म्हणलं, बादल आए तो? तो म्हणला, बादल आए तो दोनों आ के बैठते.”

“दोघं येऊन बसतात?”

“ज्याचं चालू हाय तो आन् ज्याचं पुढं हाय तो. काठीपाशी येऊन बसायचं. बसून अंदाज घ्यायचा. आता झालं वाटतं का, नाय झालं वाटतं. दोघांना झालं वाटलं की पाणी फिरवायचं.”

“आणि एकाला वाटलं, एकाला नाही?”

“मग बसायचं.”

मी खालून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मागवल्या. साहेब एकीवर, बाई एकीवर, मधे सळई. दोघांनीही आभाळाकडे बघितलं. मग साहेबांनी बाईंना पार्लर किती वाजता उघडता असं विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं. दोस्ती वगैरे झाली नाही. पण शेजारी बसलेल्या माणसावर ओरडायला मान वळवावी लागते, आणि साहेबांना मानेचा पट्टा होता. थोड्या वेळानं बाई म्हणाल्या, “झालं असेल आता.” साहेब म्हणाले, “असेल.” नानांनी चावी फिरवली.

ते दोघं खाली गेल्यावर मी आणि नानाच गच्चीवर राहिलो. मी भानगडीत पडत नाही हे सांगितलंच आहे. पण जीभ माझी आहे, ती ऐकत नाही.

“नाना,” मी म्हणाले, “वाळवंटात जाऊन पहिल्या आठवड्यात कोणी ढगांचं विचारतं का?”

नाना खुर्च्या एकात एक घालायला लागले.

“आणि विहिरीवरची लाईट गेली तर?”

नाना चावीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती घट्ट आहे का ते पाहिलं, ती घट्टच होती. टोपी काढली, झटकली, घातली. “ताई,” ते म्हणाले, “तो बोलवत नाय.”

“तिकडं बोलावतात का? ढग आले की?”

“नाय,” ते म्हणाले. “येऊन बसत्यात.” आणि ते जिना उतरून गेले. मला वाटलं, आता हा माणूस माझ्याशी बोलायचा नाही, आणि मला खूप वाईट वाटलं. नाना मला फार आवडायचे. हे सांगायचं राहून गेलं असं नाही, एकदा सांगितलं होतं. ते म्हणाले होते, “ठीक हाय.”

थोड्याच दिवसांनी एका सकाळी मी कामाला निघाले तर नाना गेटवर. हातात कापडी पिशवी. एसटी आली, थांबली. नाना चढले. खिडकीतून त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण हात वगैरे केला नाही. वॉचमन म्हणाला, “मॅडम, नाना बसले बसमध्ये.” मी म्हणाले, “दिसलं मला.” त्या दिवशी कारखान्यात मी एकच बिल दोनदा टाकलं.

ते परत आले ते कपडे न्यायला. काय झालं, कसं झालं, काही सांगितलं नाही. चावीचं काम माझ्यावर सोपवलं, विटा सरळ केल्या आणि गेले. नंतर त्यांचा फोन क्वचित यायचा, आणि त्यात ते फक्त टाकीची चौकशी करायचे.

गेल्या थंडीत मुलीचा फोन आला. नाना झोपेतच गेले. दहाव्याला मला ऑडिटमुळे जाता आलं नाही. पुढच्या रविवारी गेटसमोरून तीच एसटी पकडली.

गावात उतरले आणि घर विचारणार, तेवढ्यात पारावरच्या एका बाईनं मला आपादमस्तक न्याहाळलं. “तुमी शेक्रेटरी ना? बिल्डिंगीतल्या?”

मी हो म्हटलं.

“साहेब आन् पार्लरवाल्या ताई बोलत्यात का आता?”

मी म्हटलं, बोलतात. आता टायमर बसवलाय, तरी ढग आले की दोघं खुर्च्या घेऊन गच्चीवर जातात. विचारलं तर हवा खायला म्हणतात.

बाईनं समाधानानं मान हलवली आणि पारासमोरच्या घरातल्या कोणाला तरी ही बातमी ओरडून सांगितली. घरापर्यंत जाताना मला कळलं, की ह्या गावाला आमची सोसायटी पाठ आहे. मीटरची खोली कुठं, स्कूटर स्टँड कुठं, कोणत्या जिन्यात बल्ब टिकत नाही. गॅसवाल्याला टाकीसकट फिरवल्याची गोष्ट तर मला दोघांनी सांगितली. नानांनी इथं प्रत्येकाला खांद्यांना धरून फिरवलं होतं, डोंगर पाठीशी धरायला लावला होता, आणि उजव्या हाताच्या गोठ्याकडे बोट करून मीटरची खोली दाखवली होती. माझे डोळे भरून आले. मी ते पदरानं पुसले, कारण पुढं आबा उभे होते.

आबा नानांसारखेच, फक्त अजून वाळलेले. चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मी म्हटलं, “तिकडच्या गावाबद्दलही सांगत असतील तुम्हाला. अरबांच्या.”

“नाय,” आबा म्हणाले. “तिकडचं एक शबुद नाय बोलला. मी बी नाय इचारलं. इचारलं असतं तर मंग ‘गेलास कशाला’ इथवर बोलनं आलं असतं.”

तेवढ्यात आतला टीव्ही बंद पडला. लाईट गेली. आबा बोलता बोलता उठले, काठी घेतली आणि मला काही न सांगता बाहेर पडले. मी मागोमाग गेले. घरामागं द्राक्षबाग आणि बागेच्या कडेला विहीर. आबा कठड्याच्या एका टोकाला बसले. दुसऱ्या टोकाचा दगड मोकळा होता, बसून बसून गुळगुळीत झालेला.

“पयल्यांदा आला तवा असंच झालं,” आबा म्हणाले. “माझी बारी चालू, आन् लाईट गेली. मी हितं डोकं धरून बसलेलो. बगतो तर हा, पिशवी घेऊन. रामराम नाय, काय नाय. येऊन तितं बसला. लय वेळ बसला. मला वाटलं आता भांडन काढतो. मंग लाईट आली, तर म्हणला, ‘झालं वाटतं.’ मी म्हणलं, ‘झालं.’ आन् घरी जेवायला आलो.”

वाऱ्यानं द्राक्षाची पानं हलली. आबांनी डोळे पुसायला धोतराचा सोगा उचलला आणि मग तसाच हातात ठेवला.

“मंग दरवेळी तसंच. लाईट गेली की दोगं येऊन बसायचो. बारी कुनाची, ते राहूनच जायचं. आता मी एकलाच येतो. सवय लागली.” ते मोकळ्या दगडाकडं बघत होते. “ही बसायची रीत त्यानं कुठनं आनली, तेवडं इचारायला पायजे व्हतं.”

“मला माहीत आहे,” मी म्हणाले. “आबा, जरा उठता?”

ते उठले. मी त्यांना दोन्ही खांद्यांना धरलं. खांदे म्हणजे नुसती हाडं होती. हळूहळू फिरवलं, वस्तीमागचा डोंगर त्यांच्या पाठीशी येईपर्यंत.

“आता तुम्ही गावात शिरलात,” मी म्हणाले. “उजव्या हाताला किल्ला, मातीचा. डाव्या हाताला खजूर.”

आबांनी उजवीकडं पाहिलं. तिथं गोठा होता. “केवडा हाय?” त्यांनी विचारलं.

मला माहीत होतं तेवढा सांगितला. मग डोंगरातलं पाणी सांगितलं, प्यायचं पाणी कुठं भरतात ते सांगितलं, वरची आळी, खालची आळी, मधली भिंत सांगितली. आबा खाली बसून ऐकत होते. काठी आणि तिची सावली, ह्या दगडापासून त्या दगडापर्यंत एकाचं पाणी, इथवर मी आले तेव्हा लाईट आली आणि विहिरीत मोटर गुरगुरायला लागली. आबा उठले नाहीत.

“आन् ढग आले तर?” त्यांनी विचारलं.